गच्च्यांवरचा दिवस

पहाटे ५:४५

मामांचा फोन वाजतो. डिसेंबरात पहिला फोन हमखास कुणाच्या तरी बाथरूममधून येतो. "अहो, पाणी गारच येतंय. साडेसातला निघायचंय मला." मामा एका हाताने चहा गाळतात, दुसऱ्या हाताने पत्ता लिहून घेतात. आजचा दिवस भरलाय. या माणसाचा नंबर शनिवारी.

मामा सोलर दुरुस्त करतात. वीज बनवणारं नव्हे, पाणी तापवणारं. मूळचे भूम तालुक्यातले, पुण्यात येऊन वीस वर्षं उलटून गेली. हाताखाली बहिणीचा मुलगा आहे. तो मामा म्हणतो म्हणून गिऱ्हाइकंही मामाच म्हणतात. धायरीत भाड्याच्या दोन खोल्या. घरी अंघोळीचं पाणी गॅसवर पातेल्यात तापतं. गच्ची मालकाची, तिथे आपलं काही ठेवायची सोय नाही.

सहाला दोघं दुचाकीवर निघतात. आज मीही त्यांच्यामागे आहे. पुढे पायाशी हत्यारांची पिशवी: दोन पाइप पाने, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेपची रिळं, अंगाचा साबण, लांब दांड्याचा ब्रश. मागे भाचा, हातात ट्यूबचं खोकं उभं धरून. सहा फुटी काच आहे. स्पीडब्रेकर आला की मामा गाडी जवळजवळ थांबवतात आणि दोन्ही पाय टेकवतात. मागच्या हिवाळ्यात एका खड्ड्यात तीन ट्यूब गेल्या. ते पैसे कुणी देत नाही.

सकाळी ६:३५

वारजे. रो-हाउस, तीन मजले. गच्चीवर २०० लिटरचं सोलर, २० ट्यूबचं. बसवून सात वर्षं झाली. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

मालक स्वेटर, कानटोपी घालून वर येतात. तक्रार दोन गोष्टींची. पाणी कोमट येतं आणि विजेचं बिल वाढलंय. मामा आधी बिल मागतात. सोलर नंतर बघतात. ऑक्टोबरात १८० युनिट, नोव्हेंबरात ३७०.

"खाली कॉइलचं बटन कुठंय?"

बटन जिन्यात आहे आणि चालू आहे. सोलरच्या टाकीतच २ किलोवॅटची कॉइल असते, ढगाळ दिवसासाठी. पाणी कोमट यायला लागलं तसं घरातल्या कुणीतरी बटन दाबलं आणि ते तसंच राहिलं. थर्मोस्टॅट आहे, त्यामुळे कॉइल अधूनमधून बंद होते, पण रात्रभर टाकी तापवत बसते. म्हणजे छपरावर वीस हजारांहून जास्त किमतीचं सोलर आणि पाणी तापतंय महावितरणवर. शिवाय घर तीनशेच्या टप्प्यापलीकडे गेलं. शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. आणि आकारावर १६ टक्के वीज शुल्क.

मामा बटन बंद करतात, त्यावर इन्सुलेशन टेपची पट्टी मारतात. मग गच्चीवर.

काचेचं काम ऊन यायच्या आत उरकावं लागतं. रिकामी ट्यूब उन्हात ठेवली तर आतून दोनशे अंशांच्या आसपास तापू शकते. त्यात गार पाणी गेलं की तडकते. त्यामुळे मामांचा डिसेंबर ठरलेला असतो: काच सकाळी, तांबं दुपारी.

गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. टाकी खाली सोडली. दोनशे लिटर कोमट पाणी गच्चीवरून वाहत पन्हाळीला लागतं. मालक हळहळतात. भाचा दोन बादल्या भरून बाजूला ठेवतो, ट्यूब धुवायला.

आता एकेक ट्यूब काढायची. खालचा प्लास्टिकचा कप सैल करायचा, ट्यूब दोन्ही हातांनी धरून फिरवत फिरवत ओढायची. सात वर्षं बसलेला रबर सोडत नाही. मामा दात आवळतात. ट्यूब सुटली की तीन लिटर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत. वीस वेळा. बाहेर अकरा-बारा अंश असतील. भाच्याची बोटं लाल झालीत.

ट्यूब उलटी केली की आधी पाणी येतं, मग गढूळ पाणी, मग चिखल. शेवटी खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं काहीतरी. वारज्याच्या या भागात महापालिकेचं पाणी अपुरं, उरलेलं बोअरचं. खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं जड. त्यातला क्षार तापल्यावर बाहेर पडतो. ट्यूब तळाशी बंद असते, त्यामुळे तो तिथेच बसतो. टाकीचा ड्रेन कितीही उघडा, ट्यूबमधला गाळ हलत नाही. मामा बोटाने दाखवतात: या ट्यूबमध्ये एक वीत गाळ, त्या ट्यूबमध्ये दीड वीत. तेवढी काच ऊन खाते आणि पाण्याला काही देत नाही.

दोन ट्यूबचं टोक पांढरं पडलंय. चांगल्या ट्यूबच्या टोकाला आरशासारखा चंदेरी लेप असतो. तो दुधाळ झाला म्हणजे दोन काचांमधली पोकळी गेली, आत हवा शिरली. थर्मासच गेला म्हणायचा. या दोन बदलायच्या.

ब्रश, पाणी, पुन्हा ब्रश. नव्या सिलिकॉन रिंग. ट्यूबच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून फिरवत आत ढकलायचं. तेल लावायचं नाही, रबर फुगतो. भाच्याने हे एकदा विचारलं होतं, तेव्हापासून मामा प्रत्येक कामावर त्याला पुन्हा सांगतात.

आठ वाजता ऊन गच्चीच्या कठड्यावर येतं. मामा ताडपत्री अंथरतात आणि तिच्याखाली हात घालून शेवटच्या पाच ट्यूब बसवतात. मग व्हॉल्व्ह अर्धाच उघडून टाकी हळूहळू भरतात. एअर व्हेंटमधून हवा फुसफुसते. पाणी व्हेंटच्या तोंडाशी आलं की झालं.

मजुरी १५००. दोन ट्यूब ९००. वीस रिंग ४००. एकूण २८००. मालक म्हणतात, अडीच करा. २६०० वर मिटतं.

"गरम कधी येईल?"

"आजचं ऊन खाऊ द्या. उद्या सकाळी बघा. आणि ते बटन..."

"नाही लावत."

सकाळी ९:४०

वडेवाल्याची गाडी. दोन प्लेट पोहे, एक वडापाव, दोन चहा. ११० रुपये. भाचा गाडीवरच्या गरम किटलीला हात शेकत उभा आहे. मामा वहीत बोअरचं पाणी असलेल्या घरापुढे फुली मारतात. अशा घराला पुढच्या नोव्हेंबरात आपणहून फोन करायचा. दहातले चार जण बोलावतात.

सकाळी १०:३०

कोथरूड, सहा मजली सोसायटी, चौथा मजला. बाई सांगतात, आठवडाभर गरम पाणी नाही. वरच्यांना येतं, खालच्यांना येतं, आम्हालाच नाही. आधी एक जण येऊन गेला, ट्यूब बदलायला हव्यात म्हणाला, आठ हजार सांगितले.

मामा गच्चीवर जात नाहीत. ट्यूब सगळ्यांच्या सामायिक आहेत, शेजाऱ्याला गरम मिळतंय म्हणजे वर काही बिघाड नाही. ते बाथरूमच्या दारात उभे राहून नुसते नळ बघतात. भिंतीवर नवा मिक्सर, त्याला हँड शॉवर. मिक्सरचे गरम-गार दोन्ही नळ उघडे, आणि शॉवरच्या मुठीवरचं बटन बंद.

"हे असंच असतं का?"

"हो, मुठीवरूनच बंद करतो आम्ही. सोपं पडतं."

याला धंद्यात क्रॉस म्हणतात. दोन्ही नळ उघडे आणि तोंड बंद, मग गार पाणी मिक्सरमधून गरमच्या पाइपात घुसतं, कारण गारचा दाब जास्त. स्वयंपाकघरात गरमचा नळ सोडला तरी गारच येतं. मामा सिद्ध करून दाखवतात. गरम लाइनचा घरात येणारा व्हॉल्व्ह बंद करतात आणि गरमचा नळ उघडतात. नळ कोरडा राहायला हवा. पाणी धो धो येतं, गार. मग मिक्सरचे दोन्ही नळ बंद करतात. आता नळ कोरडा. व्हॉल्व्ह उघडला. आधी अर्धी बादली गार, मग वाफ.

ती अर्धी बादली कुणाचाच दोष नाही. गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंतच्या पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी आहे ते. मामा सांगतात, ते सोडून देऊ नका, फरशीला घ्या. पाइपला बाहेरून काळं फोमचं वेष्टण घातलं तर सकाळचा दुसरा माणूस तरी थांबत नाही. पण ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरायला हवं. मामा हसतात. त्यांनी अशा मीटिंगा पाहिल्यात.

३५० रुपये. बाई पैसे देतात, पण म्हणतात, "दहा मिनिटांचंच तर काम होतं."

मामा काही बोलत नाहीत. मी बोललो असतो. त्यांनी बाईंचे आठ हजार वाचवले होते.

दुपारी १२:१५

बोहरी आळी. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तिथेच वीस मिनिटं जातात. रिंग घाऊक ९ रुपयांना, ट्यूब ३२० ला. सकाळी गिऱ्हाइकाला त्या २० आणि ४५० ला लावल्या. मधल्या पैशांत फुटकी काच, पेट्रोल आणि न उचललेले फोन बसतात. मामा ॲसिडची पावडरही घेतात, सल्फॅमिक. काही जण संडास धुवायचं ॲसिड वापरतात, स्वस्त पडतं. ते क्षाराबरोबर तांबं आणि पितळेचे जोडही खातं. सहा महिन्यांनी गळती लागते, तोवर माणूस पसार झालेला असतो.

दुपारी १:३०

सहकारनगर. पुढच्या कामाच्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. इथून आजूबाजूच्या पंधरा-वीस गच्च्या दिसतात. मामा जेवता जेवता बोट दाखवत सांगतात. ते बंद. ते बंद. ते चालू आहे, पण त्याच्यावर चिंचेची सावली पडते. ते तिकडचं उत्तरेला तोंड करून बसवलंय, पाहुण्यासारखं. पुण्यात सोलरने दक्षिणेकडे बघायचं असतं, हिवाळ्यात सूर्य तिकडूनच जातो.

बंद सोलर इतकी का, हे विचारायला नको. मोठ्या इमारतींना ते बांधकाम नियमांत सक्तीचं आहे. बिल्डर बसवतो, पूर्णत्वाचा दाखला घेतो, निघून जातो. महापालिका सोलर असलेल्या घराला सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते, सोबत गांडूळखत किंवा पावसाचं पाणी जिरवण्याची सोय असली तर १० टक्के. यंत्रणा चालू हवी, अशी अट आहे. मामांकडे मार्च-एप्रिलमध्ये अशी काही कामं येतात जिथे पाणी तापलं नाही तरी चालतं, फोटोत सोलर चकचकीत दिसायला हवं. तिथे मामा सोलर पुसून देतात. दोनशे रुपये.

दुपारी २:१०

हे काम मामांचं आवडतं. जुना बंगला, जुनं प्लेटचं सोलर. काळ्या रंगाचा पत्रा, वर काच, आत तांब्याच्या उभ्या नळ्या. दोन प्लेटा. बसवून अठरा वर्षं. अशी आता नवीन फार कुणी बसवत नाही, काचेच्या ट्यूबचं स्वस्त पडतं.

घरात एक आजी आणि त्यांची सून. आजी खुर्ची घेऊन गच्चीच्या दारात बसतात. त्यांना या कामात रस आहे. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा अंगणात तांब्याचा बंब होता, तांबट आळीतून आणलेला. पहाटे उठून त्यात ढलप्या घालायच्या त्याच. "धुराने डोळे जायचे. पण पाणी शेवटच्या माणसापर्यंत कढत." बंब आता हॉलमध्ये आहे. त्यात मनी प्लांट.

मामा प्लेटा टाकीपासून सोडवतात. खालच्या आडव्या नळीची दोन्ही तोंडं बंद करतात. बादलीत पावडर कालवतात, हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून. वरच्या तोंडातून नरसाळ्याने ओततात. पाच सेकंद काही नाही. मग आतून खळखळ सुरू होते आणि तोंडातून पांढरा फेस उसळतो. आजी खुर्चीतून पुढे वाकतात.

"केवढं साठलंय हो!"

अर्ध्या इंचाच्या नळीत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली होती. या सोलरला पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. वाट अरुंद झाली की हे चक्र थांबतं. प्लेट भाजते, टाकी गार.

फेस थांबला की ओतून टाकायचं, पुन्हा नवं द्रावण. तीन वेळा. मग पाणी, मग सोडा कालवलेलं पाणी, मग पुन्हा पाणी. मधल्या वेळात भाचा काचांवरची धूळ पुसतो. नुसती धूळ पुसली तरी फरक पडतो, आणि त्यासाठी मामा लागत नाहीत. फडकं लागतं.

सून हिशेब विचारते. गीझर लावला तर किती पडेल? मामांचा हिशेब बादलीचा आहे. एक मोठी बादली, वीस लिटर. थंडीत टाकीतलं पाणी वीस अंश धरा, अंघोळीला बेचाळीस. अर्धं युनिट लागतं. चार माणसं, दोन युनिट रोज, महिन्याला साठ. शंभरच्या वरच्या टप्प्यात युनिट १० रुपयांच्या पुढे पडतं, शुल्क वेगळं. "आणि हे फक्त जेवढं पाणी अंगावर घेतलं तेवढ्याचं. गीझर तासभर आधी लावून ठेवलात तर टाकीला गरम ठेवायचं बिल निराळं."

त्यांच्या खालच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर आहेच. मामा जाता जाता बघतात. काटा ७५ वर. ५५ वर आणतात. ७५ अंशांच्या पाण्याने कुणी अंघोळ करत नाही, त्यात गारच मिसळायचं असतं. अंघोळीच्या वीस मिनिटं आधी बटन दाबा, बादली भरली की बंद करा.

दोन हजार ठरले होते. सून हजार देते, बाकीचे उद्या पाणी तापलं की. मामा वहीत लिहितात. या घरचे पैसे बुडणार नाहीत, पण त्यासाठी एक फेरी मारावी लागेल, आणि फेरीचं पेट्रोल त्यांचंच.

सायंकाळी ५:००

रस्त्यात फोन. ओळखीचं गिऱ्हाईक, सिंहगड रस्ता. गॅस गीझर आणलाय, बसवून द्या. कुठे? बाथरूममध्ये. खिडकी? आहे, पण थंडीत बंद असते.

"नाही बसवणार."

समोरचा अडीचशेवरून पाचशेवर जातो. मामा नाहीच म्हणतात. गॅस गीझर स्वस्त पडतो हे त्यांना मान्य आहे. पण बंद बाथरूममध्ये तो आतला प्राणवायू खातो, मग अर्धवट जळून जो वायू सोडतो त्याला रंग नाही, वास नाही. माणूस अंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते. "बाल्कनीत लावतो, पाइप आत नेतो. पाचशेच घेईन." समोरून फोन कट. दुसरा कुणीतरी बसवून देईल, हे मामांनाही ठाऊक आहे.

सायंकाळी ६:१०

बावधन. एका रो-हाउसच्या गच्चीवर शेवटचं काम. गार पाण्याच्या लाइनचा एन.आर.व्ही., म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह, अडकला होता, गरम पाणी उलटं वरच्या टाकीत जात होतं. टॉर्च तोंडात धरून मामा तो खोलतात, आतला खडा काढतात, पुन्हा बसवतात. ३०० रुपये.

खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. मालकाला विजेची पॅनेल बसवायचीत. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं. पाणी तापवणाऱ्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. गच्ची लहान. पॅनेलवाला म्हणतो, हे पाण्याचं काढून टाका, जागा होईल.

मामा कठड्यावर टेकतात. एक किलोवॅटच्या पॅनेलला शंभर चौरस फूट लागतात, आणि ती दिवसाला चार युनिटच्या आसपास देतात. हे पाण्याचं सोलर चाळीस-पंचेचाळीस फुटांत बसलंय. दोनशे लिटर पाणी तीस अंशांनी तापवतं, म्हणजे सात युनिटचं काम. जागेच्या मानाने कोण पुढे, ते तुम्हीच बघा.

मालक गप्प. मग मामाच दुसरी बाजू सांगतात. एप्रिल-मेमध्ये हे दोनशे लिटर कुणालाच नको असतं. पॅनेलची वीज बाराही महिने कामाला येते, उरलेली महावितरणला जाते, बिलात वळती होते. म्हणून काढायचं असेल तर काढा, पण चालू आहे तोवर नका काढू. पॅनेल दोन कमी लावा.

स्वतःच्या फायद्यासाठी हे बोलणं नव्हतं, उलट होतं, हे मला कळत होतं. काढायच्या कामाचे दीड हजार मिळाले असते. राखायच्या कामाचे वर्षातून एकदाच मिळतात.

रात्री ८:३०

धायरी. मामा अंथरुणावर बसून वही पुरी करतात. जमा: २६००, ३५०, १०००, ३००. एकूण ४२५०. सामान १०८०. भाच्याची रोजी ७००. पेट्रोल २००. नाश्ता, चहा १५०. उरले २१२०. येणे १०००.

हा डिसेंबरचा आकडा आहे. मे महिन्यात आठवड्याला दोन फोन आले तरी खूप. तेव्हा मामा पाण्याच्या टाक्या धुतात, नळ बसवतात, एका आर.ओ.वाल्याकडे रोजंदारीने जातात. भाचा मेमध्ये गावी असतो.

उद्याचा पहिला पत्ता आंबेगाव, साडेसहा. २० ट्यूब, बोअरचं पाणी.

तुमच्या गच्चीवर सोलर असेल तर तीन गोष्टी करा. जिन्यातलं ते बटन आज बघून या. काचेवरची धूळ रविवारी स्वतः पुसा. आणि बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर सोलर दरवर्षी दिवाळीच्या आत धुऊन घ्या. डिसेंबरात फोन केलात तर नंबर चौथ्या दिवशी लागतो.